मेथ्या औषध म्हणून खाताना: किती, कशा, कुणी आणि कुणी नाही

मधुमेहाचं निदान झालं की घरातून येणारा पहिला सल्ला बहुधा मेथीचा असतो. रात्री चमचाभर मेथ्या भिजत घालायच्या आणि सकाळी अनशापोटी ते पाणी प्यायचं. पाणी पोटात जातं, मेथ्या मात्र कडू लागतात म्हणून बऱ्याच घरांत टाकून दिल्या जातात. तीन महिन्यांनी तपासणीत शुगर जागच्या जागीच दिसते आणि ‘मेथीबिथीनं काही होत नाही’ असा निकाल लागतो. काही जण दुसऱ्या टोकाला जातात. मेथी सुरू केली म्हणून गोळ्याच सोडतात आणि पुढे पायाची जखम चिघळल्यावर दवाखान्यात येतात.

दोन्हीकडे मेथीवर अन्याय होतो. स्वयंपाकघरातल्या ज्या मोजक्या जिनसांवर माणसांमध्ये खरोखरच प्रयोग झाले आहेत, त्यांत मेथी आहे आणि त्यातलं बरंचसं काम आपल्याच देशात, हैदराबादला झालं आहे. त्या प्रयोगांमध्ये लोकांनी मेथीचं पाणी प्यायलं नव्हतं. त्यांनी मेथ्या चोथ्यासकट, ग्रॅममध्ये मोजून, जेवणाच्या वेळी खाल्ल्या होत्या. गोळ्या चालू ठेवून आपण घरी तसंच कसं करायचं, ते या लेखात सांगतो.

मेथीच्या दाण्यात काय असतं

एक चमचा मेथीपूड अर्ध्या वाटी कोमट पाण्यात कालवा आणि पंधरा मिनिटं बाजूला ठेवा. नंतर चमचा वर उचलून बघा. पाणी घट्ट, बुळबुळीत झालेलं असतं आणि चमच्याला तार सुटते. या चिकट पदार्थाचं नाव गॅलॅक्टोमॅनन. हा पाण्यात फुगणारा तंतू म्हणजेच फायबर आहे आणि मेथीच्या औषधी गुणाचा मोठा भाग त्याच्यात आहे. मोजण्याच्या पद्धतीनुसार मेथीदाण्याच्या वजनाचा पाव ते निम्मा हिस्सा तंतूंचाच भरतो.

हा बुळबुळीत लगदा जेवणात मिसळला की पोट सावकाश रिकामं होतं. भाकरी-भातातल्या पिठूळ भागाची साखर होऊन ती आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचायलाही जास्त वेळ लागतो. त्यामुळे जेवणानंतर शुगर एकदम उसळी मारत नाही, बेताबेतानं चढते. आता सकाळी सहाला मेथी खाल्ली आणि जेवण दुपारी एकला असेल, तर तो लगदा जेवणाला भेटणारच नाही. भिजवलेलं पाणी गाळून प्यायलं तर लगद्याचा बराचसा भाग दाण्यातच राहून जातो.

मेथीत आणखी एक पदार्थ आहे, ४-हायड्रॉक्सिआयसोल्युसिन नावाचं अमिनो आम्ल. प्रयोगशाळेत स्वादुपिंडाच्या पेशींवर ते टाकलं तेव्हा आजूबाजूला साखर जास्त असताना इन्सुलिन जास्त सुटलं. निष्कर्ष आशादायक आहे. पण पेशींवर दिसलेलं जसंच्या तसं माणसात उतरतं असं नाही, म्हणून मी जास्त भार तंतूवरच देतो.

प्रयोगांनी काय दाखवलं

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत आर. डी. शर्मा यांनी १९८०च्या दशकात मेथीवर काम सुरू केलं. १९८६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक प्रयोग मला सगळ्यात उपयोगी वाटतो. त्यांनी मेथीचे वेगवेगळे भाग लोकांना देऊन पाहिले: अख्खे दाणे, नुसता चिकट डिंक, डिंक काढून टाकलेले दाणे, शिजवलेले दाणे आणि मेथीची भाजी. शुगरची चढण सर्वांत जास्त रोखली ती अख्ख्या दाण्यांनी. नुसता डिंक आणि शिजवलेले दाणेही चांगले उतरले. डिंक काढलेले दाणे आणि पालेभाजी यांचा परिणाम मात्र नगण्य होता.

यातून स्वयंपाकघरासाठी दोन गोष्टी लगेच हाती येतात. मेथी शिजवली म्हणून वाया जात नाही. आणि मेथीची जुडी आणून केलेली भाजी पौष्टिक असली, तरी शुगरच्या बाबतीत ती दाण्यांचं काम करत नाही.

१९९० साली त्याच संस्थेनं टाइप १ मधुमेहाच्या रुग्णांना तेलकट भाग काढलेली मेथीपूड रोज १०० ग्रॅम, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणात विभागून, दहा दिवस दिली. उपाशीपोटीची शुगर उतरली आणि चोवीस तासांत लघवीवाटे जाणारी साखर ५४ टक्क्यांनी कमी झाली. आकडा मोठा आहे, पण मात्राही अशी आहे की घरी कुणी दोन दिवससुद्धा खाऊ शकणार नाही. पुढे १९९६ साली टाइप २ च्या ६० रुग्णांना रोज २५ ग्रॅम पूड २४ आठवडे दिली गेली, तेव्हाही शुगर सुधारलेली दिसली. इस्रायलमध्ये १९८८ साली टाइप २ च्या २१ रुग्णांना १५ ग्रॅम पूड पाण्यात भिजवून जेवणासोबत दिली होती. त्यांच्या जेवणानंतरच्या शुगरमध्ये घट झाली.

असे दहा प्रयोग एकत्र करून केलेलं विश्लेषण २०१४ साली प्रसिद्ध झालं. त्यात मेथी घेणाऱ्यांची उपाशीपोटीची शुगर सरासरी १७ मिलिग्रॅमनं, जेवणानंतर दोन तासांची सुमारे ३९ मिलिग्रॅमनं आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ०.८५ टक्क्यानं कमी आढळलं. दिवसाला पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त मेथी दिलेल्या प्रयोगांतच परिणाम स्पष्ट होता.

ज्यांना अजून मधुमेह झालेला नाही, पण शुगर काठावर आहे, त्यांच्यासाठी २०१५ साली प्रसिद्ध झालेला हैदराबादचा आणखी एक अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात १४० जण होते. एका गटानं तीन वर्षं जेवणाआधी पाच-पाच ग्रॅम अशी दिवसातून दोनदा मेथी घेतली. मेथी न घेणाऱ्या गटात मधुमेह होण्याची शक्यता ४.२ पट जास्त निघाली.

या सगळ्याकडे डोळे उघडे ठेवून पाहायला हवं. बहुतेक प्रयोग लहान आहेत. मात्रा १ ग्रॅमपासून १०० ग्रॅमपर्यंत वाटेल तशी बदलते. मेथीचा कडवटपणा आणि वास लपत नाही, त्यामुळे आपण मेथी खातोय की बनावट पूड हे रुग्णाला कळतंच आणि तो नकळत जेवणही सांभाळून करू लागतो. जयपूरमध्ये २००१ साली २५ रुग्णांना मेथीचा अर्क रोज १ ग्रॅम दोन महिने दिला. इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला, पण शुगरच्या आकड्यांत दुसऱ्या गटापेक्षा ठळक फरक पडला नाही. म्हणून माझं मत असं आहे की मेथी हा आहारातला चांगला जोड आहे. औषधाची जागा घेण्याइतका पुरावा तिच्यापाशी नाही.

कोलेस्टेरॉलवरही थोडा उतार दिसतो आणि त्यामागेही तंतूच असावा. केस गळणं थांबतं, गुडघे दुखायचे राहतात, या दाव्यांमागे मात्र माणसांवरच्या मोठ्या प्रयोगांचा आधार नाही. पुरुषांची ताकद वाढवणाऱ्या मेथीच्या महागड्या कॅप्सूल बाजारात आहेत. त्यांच्यावर पैसे घालवू नका.

पहिली पायरी: तुम्ही खावी का, हे ठरवा

सुरुवात गोळ्यांच्या पाकिटापासून करा. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असं काही नाव दिसत असेल, किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मेथीची भर पडून शुगर फार खाली जाऊ शकते. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर हा धोका कमी. कसंही असलं तरी डॉक्टरांना स्पष्ट सांगा: ‘रोज दहा ग्रॅम मेथीपूड सुरू करतोय.’ ‘घरगुती काहीतरी घेतो’ एवढं सांगून भागत नाही.

रक्त पातळ करणारी गोळी, विशेषतः वॉरफरिन, चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मेथी औषध म्हणून खाऊ नये. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि मेथी यांत चार तासांचं अंतर ठेवावं, कारण तंतू गोळी शोषू देत नाही. शेंगदाणा किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असेल तर मेथी टाळलेली बरी. ही सगळी एकाच कुळातली आहेत आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांना मेथीचाही त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना मेथीबद्दल आधीच सांगा.

गरोदर बाईनं फोडणीतल्या मेथ्या किंवा मेथीची भाजी खायला हरकत नाही. चमच्यानं मोजून रोज मेथीपूड मात्र नको. प्रसूतीच्या तोंडावर आईनं भरपूर मेथी खाल्ली तर बाळाच्या अंगाला आणि लघवीला गोडसर, पाकासारखा वास येतो. तसाच वास एका दुर्मीळ जन्मजात आजारात येत असल्यानं डॉक्टरांची दिशाभूल होऊन बाळाच्या नको त्या तपासण्या होऊ शकतात.

दुसरी पायरी: निवडा आणि दळा

तयार पूड आणू नका. अख्ख्या मेथ्या आणा. दाणा पिवळसर-तपकिरी, टणक आणि दोन हिश्शांत खाच पडलेला हवा. काळपट, सुरकुतलेले दाणे आणि खडे निवडून टाका. कसुरी मेथी ही वेगळीच जात आहे. ती वाळवलेला पाला म्हणून वापरतात. वरच्या प्रयोगांचा तिच्याशी संबंध नाही.

मेथ्या मंद आचेवर दोन-तीन मिनिटंच गरम करा, जेमतेम सुगंध सुटेपर्यंत. दाणा लालसर झाला की कडवटपणा वाढतो, म्हणून हात आखडता ठेवा. पूर्ण गार झाल्यावर मिक्सरमधून बारीक काढा. जाडसर राहिली तर घशाला खरखरते. पंधरा दिवसांपुरतीच पूड करून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा.

तिसरी पायरी: मात्रा हळूहळू चढवा

चहाच्या सपाट चमच्यात साडेतीन ते चार ग्रॅम मेथ्या बसतात, मोठ्या चमच्यात सुमारे अकरा. चमचे घरोघरी वेगळे असतात, म्हणून एकदा काट्यावर वजन करून आपला चमचा ओळखून ठेवा.

पहिला आठवडा रोज अर्धा चमचा, तोही एकाच जेवणात. पोट फुगणं, गॅस, पातळ होणं हे त्रास मेथीत नेहमीचे आहेत आणि एकदम जास्त घेतली की हमखास होतात. सोसलं तर दुसऱ्या आठवड्यात दोन्ही जेवणांत अर्धा-अर्धा चमचा घ्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दोन्ही जेवणांत मिळून दहा ग्रॅमवर या. बहुतेकांनी इथेच थांबावं. पंचवीस ग्रॅम फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

दिवसभर पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या. आणि कोरड्या पुडीची फाकी कधीही मारू नका. ती घशात फुगते, म्हाताऱ्या माणसांना तर ठसका लागून जीव घाबराघुबरा होतो. पूड नेहमी ओली करूनच घ्यावी.

घामाला आणि लघवीला मेथीचा वास येऊ लागला तर घाबरू नका. सोटोलोन नावाच्या द्रव्यामुळे तो येतो. हे द्रव्य इतकं जोरकस आहे की न्यूयॉर्क शहरावर २००५पासून अधूनमधून पसरणाऱ्या गोड वासाचा माग काढताना तपास शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या, मेथीवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यापर्यंत पोचला होता.

चौथी पायरी: रोजच्या ताटात बसवा

मेथी टिकते ती भाकरी-पोळीतून, हा माझा अनुभव आहे. वेगळं ‘औषध’ म्हणून घेतलेली पूड महिनाभरात मागे पडते.

ज्वारीच्या एक किलो पिठात पन्नास ग्रॅम मेथीपूड मिसळा. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी धरली, तर प्रत्येक भाकरीतून पावणेतीन ग्रॅमच्या आसपास मेथी जाते. दोन्ही वेळच्या मिळून चार भाकऱ्या खाल्ल्या की अकरा-साडेअकरा ग्रॅम होतात, मग वेगळं काही घ्यायची गरज नाही. भाकऱ्या कमी खात असाल तर त्या हिशेबानं भर घाला. चव एकदम झेपत नाही, म्हणून पहिल्या दळणात किलोला वीस ग्रॅमच घाला आणि पुढच्या दळणात वाढवा. मेथीच्या चिकटपणामुळे भाकरी थापताना पीठ नीट धरून राहतं, भाकरी चिरत नाही. पाणी मात्र नेहमीपेक्षा थोडं जास्त लागतं. थालीपिठात कांदा, तीळ आणि हिरवी मिरची असते, तिथे कडवटपणा जवळजवळ जाणवतच नाही. घरातल्या कटकट करणाऱ्यांना आधी थालीपीठ द्या.

भात खाणाऱ्या घरांत ताकाचा मार्ग सोपा. एक चमचा पूड अर्ध्या वाटी पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, त्यात वाटीभर पातळ ताक, जिरेपूड आणि चिमूटभर मीठ घाला आणि जेवायला बसताना प्या. भिजवलेल्या अख्ख्या मेथ्याही चालतात. फक्त त्या चावून, पाण्यासकट आणि जेवणाच्या आधी खा.

आमटीच्या फोडणीतल्या दहा-पंधरा मेथ्या चवीच्या. त्यांचं वजन पाव ग्रॅमही भरत नाही. मेतकुटात मेथी असते, पण ते मुख्यतः डाळी आणि धान्यांचं. मेथांब्यात गुळाचा पाकच जास्त असतो, त्यामुळे शुगरवाल्यांनी ‘मेथीचाच पदार्थ’ म्हणून तो वाटीभर खाऊ नये. मेथीच्या लाडवालाही हेच लागू.

मोड आलेल्या मेथ्या खाणार असाल तर

मोड आल्यावर कडवटपणा कमी होतो आणि उसळ छान लागते. पण मोड कच्चे खाऊ नका. २०११ साली उत्तर जर्मनीत ई. कोलाय जंतूची मोठी साथ आली. साडेतीन हजारांहून जास्त लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले, शेकडो जणांची मूत्रपिंडं निकामी होण्यापर्यंत वेळ आली. तपासात धागा इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियाण्यापाशी पोचला. त्याचे मोड लोकांनी कच्चे, सॅलडमध्ये खाल्ले होते. ऊब आणि ओल मिळाली की मोडांबरोबर जंतूही वाढतात आणि वरवर धुऊन ते जात नाहीत. झाकण ठेवून वाफेवर नीट शिजवा. शिजल्यानं शुगरवरचा गुण फारसा जात नाही, हे १९८६च्या प्रयोगात दिसलंच आहे.

बाळंतिणीच्या लाडवांबद्दल

मेथीपूड दोन-तीन दिवस तुपात मुरवायची, मग कणीक, खोबरं, खारीक, डिंक, गूळ घालून लाडू वळायचे. तुपात मुरल्यानं कडवटपणा मवाळ होतो. पद्धत उत्तम आहे. दूध वाढतं का, यावरही प्रयोग झाले आहेत. तुर्कस्तानात २०११ साली ६६ माता आणि बाळांच्या अभ्यासात मेथीयुक्त चहा घेणाऱ्या आयांना पहिल्या काही दिवसांत दूध जास्त आलं. पुढे २०१८ साली अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा मेथी बनावट औषधापेक्षा सरस ठरली, पण प्रयोग थोडे आणि लहान होते.

दूध येण्याचं खरं बळ बाळाला वारंवार आणि नीट पाजण्यात आहे. लाडू त्याच्या जोडीला, दिवसाला एक पुरे. बाळाला जुलाब झाले किंवा बाळ फार कुरकुरू लागलं तर काही दिवस मेथी बंद ठेवून बघा. गरोदरपणात मधुमेह झालेल्या बाईला साजूक तूप-गुळाचा लाडू आग्रहानं भरवू नये. तिच्यासाठी मेथी भाकरीतून द्यावी. सासूबाईंना हे पटवणं अवघड जाईल, पण आईची प्रकृती आधी.

शेवटची पायरी: मोजून बघा

ग्लुकोमीटर असेल तर घरच्या घरी स्वच्छ चाचणी होते. एकच जेवण ठरवा, समजा दोन भाकऱ्या, एक वाटी वरण आणि भाजी. एक दिवस ते मेथीशिवाय घ्या आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी बोट टोचून शुगर बघा. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, त्याच वेळी, पाच ग्रॅम मेथीसह. गोळ्या आणि चालणं दोन्ही दिवशी सारखं असू द्या. एका जोडीवर विसंबू नका, अशा चार-पाच जोड्या करा, कारण शुगर झोपेनं आणि ताणानंही हलते. आकडे वहीत तारखेसह लिहा.

मधेच घाम फुटला, हात थरथरले, छातीत धडधडलं तर लगेच टोचून बघा. शुगर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

एचबीए१सी मेथी सुरू करण्याआधी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा करा. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे महिन्याभरात ही तपासणी करून काही कळत नाही. मधल्या काळात नवीन गोळी सुरू झाली किंवा वजन बरंच उतरलं, तर तेही वहीत लिहा, नाहीतर श्रेय भलत्यालाच जाईल. आकडा सुधारला असेल तर मेथी चालू ठेवा आणि वही डॉक्टरांपुढे ठेवा. गोळी कमी करायची का, ते ते ठरवतील. तीन महिने नेमानं, दहा ग्रॅम घेऊनही वहीत फरक दिसत नसेल, तर खुशाल बंद करा.